वर्तुळ सातचा नकाशा

पिंपळनेरच्या वर, जिथं एस.टी. वळून माघारी जाते,
तिथून दीड तास चढलं की चाकमाळ.
नाव गुराख्यांनी ठेवलेलं. सातबाऱ्यावर नुसतं 'पोटखराबा'.
माघातलं कुसळ मोज्यात शिरतं,
खाली पांझरेची एक बारीक रेघ,
आणि पायाखाली, वीतभर मुरमात,
तीन-साडेतीन हजार वर्षांमागचं गाव,
ज्याला भिंती नाहीत, छप्पर नाही,
आहेत ती फक्त भोकं.

मी भोकांचे नकाशे काढतो. पगार त्याचाच.
एकास वीस प्रमाण, निळ्या चौकटींचा कागद,
ओळंबा, चार खिळे, सुतळी.
भोक म्हणजे खांब होता ती जागा.
खांब कुजला, त्याच्या जागी माती आली,
ती शेजारच्या मातीसारखी कधीच झाली नाही,
एवढ्यावर आमचं सगळं शास्त्र.

उन्हं चढली की तेही दिसत नाही.
मग ठगूबाई मालचे पाठीला पंप अडकवते
(कपाशीवर मारायचाच, तीनदा धुतलेला)
आणि जमिनीवर पाण्याचं धुकं धरते.
मुरूम लगेच वाळतो.
खांबांच्या जागा जरा उशिरा वाळतात.
त्या तेवढ्या उशिरात
एक, दोन, पाच, अकरा
काळसर ठिपके गोल धरून उभे राहतात
आणि मी गुडघ्यांवर सरकत, धापा टाकत,
खिळ्यानं त्यांच्याभोवती ओरखडे काढतो.

वर्तुळ सातला दार सापडेना.
देवरे सर म्हणाले, पूर्वेला असणार, सूर्य.
मी पूर्वेला तुटक रेघ काढली.
ठगूबाई मधोमध जाऊन उकिडवी बसली,
पदर कानामागे खोचून, बराच वेळ,
जसं कुणाच्या घरी निरोप घेऊन आली
आणि घरातलं माणूस बाहेर गेलेलं.
मग हनुवटीनं दाखवलं :
"आठे दार व्हतं.
तथा करं ते धूर डोयामा जाई."
तिनं दाखवलं तिथं खरवडलं.
दोन भोकं, मध्ये दोन हात अंतर,
आणि तेवढीच जमीन पायांनी तुडवून घट्ट.
मी पूर्वेची रेघ खोडली. कागदावर वळ राहिला.

दुपारी पळसाखाली डबे उघडतो.
तिला घरकुल मंजूर झालंय, पहिला हप्ता आलाय.
बरंच सांगते : सिमेंट, ग्रामसेवक, फोटो काढायला येणारा पोरगा.
मी अर्धं ऐकतो.
माझ्या डोक्यात भोक क्रमांक त्र्याऐंशी.

ते वर्तुळाच्या बाहेर. एकटंच.
दारापासून चार पावलं, बाकीच्यांहून बारीक,
आणि सरळ खाली न जाता तिरकं.
वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.
सर म्हणाले, काही धार्मिक असेल.
ज्याचं उत्तर नसतं ते आमच्यात धार्मिक असतं.
ठगूबाईनं पंप खाली ठेवला, त्या भोकात बोट घातलं,
आणि तिला हसू आवरेना.
"वासरू व्हई.
मायकडे वढस ना, म्हणीसन खुटा वाकडा."

मी विचारलं, मग गाय कुठं?
तिनं उताराकडे पाहिलं, बोरींच्या पलीकडे.
"तठे. तुम्ही खंदं नही अजून."

उतार खणला नाही.
फाल्गुनात पैसे संपले.
वर्तुळांवर प्लास्टिक अंथरलं, त्यावर वाळू,
वाळूवर त्यांचाच मुरूम, पाट्यापाट्यांनी परत.
शेवटची पाटी ठगूबाईनं टाकली
आणि चपलेनं जरा दाबून घेतली.

अहवालात त्र्याऐंशीपुढे छापलंय : प्रयोजन अनिश्चित.
मूळ कागद माझ्याकडे आहे.
त्यावर त्या ठिपक्यापासून निघून
न खणलेल्या उताराकडे जाणारी
पेन्सिलची एक फार पुसट रेघ आहे,
जराही झोल नसलेली.
कुणी विचारलंच,
तर कागदाची घडी आहे म्हणून सांगतो.